दोन रेझिस्टर आणि एक नेब्युलायझर

वारज्यात आमच्या वरच्याच मजल्यावर इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला शिकणारी एक मुलगी राहते. मागच्या सुट्टीत एका रविवारी तिच्या वडिलांना भेटायला गेलो, तर जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगची बंदूक, भिंग, चिमटा आणि पोट उघडलेला एक कॅल्क्युलेटर पडला होता. ‘‘या काका, ऑपरेशन चाललंय. तुमच्याच कामाचं आहे,’’ ती म्हणाली. तेव्हा ते मी हसण्यावारी नेले. पुढे कळले, ते खरेच माझ्या कामाचे होते.

कॅल्क्युलेटर साधा नव्हता. समीकरण भरले की पडद्यावर त्याची वक्ररेषा काढून दाखवणारा, म्हणजे ग्राफिंग कॅल्क्युलेटर होता. कॅसिओने १९८५ साली अशा जातीचा पहिला कॅल्क्युलेटर बाजारात आणला. लॉगच्या तक्त्यांवर वाढलेल्या आमच्या पिढीने तो पाहिलाही नव्हता. अमेरिकेत मात्र शाळकरी मुले वर्षानुवर्षे तो वापरतात. हा तिच्या तिकडच्या मावसबहिणीने शिक्षण संपल्यावर दिलेला. पडदा, बटणे, बॅटरी सगळे ठणठणीत. आजारी होते ते फक्त चार्जिंगचे तोंड. वायर एका बाजूला दाबून धरली तरच दिवा लागायचा.

हे तोंड जुन्या मिनी-यूएसबी पद्धतीचे. ती पद्धत २००० सालच्या सुमाराची. २००७ मध्ये मायक्रो-यूएसबी आले आणि २०१४ मध्ये टाइप-सी. मिनी जोडणी सुमारे पाच हजार वेळा वायर घालता-काढता यावी अशी बनवलेली असते, तर मायक्रो आणि टाइप-सी सुमारे दहा हजार वेळा. पण आपण वायर सरळ ओढत नाही, वाकडी खेचतो. वायर लावूनच वस्तू हाताळतो. शिवाय खिशातली धूळ आत जाऊन बसते. त्यामुळे तोंड आकड्यापेक्षा पुष्कळ आधी ढिले होते. मिनीच्या वायरी आता शोधून आणाव्या लागतात, हा आणखी एक त्रास.

म्हणून तिने ठरवले, की तोंडच बदलायचे आणि टाइप-सी बसवायचे. नुसता नवा सॉकेट जुन्या जागी बसत नाही. टाइप-सीची पिन मिनीपेक्षा रुंद आणि बुटकी, साधारण ८.३ गुणिले २.५ मिलिमीटर, मिनीची ६.८ गुणिले ३. आतले पायही वेगळे. तेव्हा तिने संगणकावर ‘कायकॅड’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अंगठ्याच्या नखाएवढा सर्किट बोर्ड आखला आणि बनवून मागवला. एका बाजूला टाइप-सी सॉकेट, दुसऱ्या बाजूला जुन्या सॉकेटच्या जागी जुळणारे टाके. वीज, ग्राउंड आणि माहितीच्या दोन, अशा चार वाटा जोडल्या. कॅल्क्युलेटरच्या खाचेला कानस मारली. बॅटरीला किती आणि कशी वीज द्यायची हे ठरवणारे मूळ सर्किट तिने हातही न लावता तसेच ठेवले. हे महत्त्वाचे आहे. लिथियमच्या बॅटरीला ठरल्यापेक्षा जास्त दाबाने वीज दिली तर ती फुगते, पेटूही शकते.

जुन्या मोबाइलच्या चार्जरने कॅल्क्युलेटर लगेच चार्ज होऊ लागला. घरात टाळ्या झाल्या. मग वडिलांनी आपल्या नव्या फोनचा, दोन्ही टोके सारखी असलेल्या वायरचा चार्जर लावला. दिवा लागेना. वायर उलटी केली, बदलली. काही नाही.

आधी ओळख, मग वीज

पुढच्या रविवारी कारण सापडले होते. जुन्या चार्जरला चपट्या, आयताकृती तोंडाचा सॉकेट असतो, तो टाइप-ए. त्यात पाच व्होल्टची वीज कायम तयार असते. समोर कोण आहे हे तो विचारत नाही. नवा टाइप-सी चार्जर मात्र आधी ओळख विचारतो. टाइप-सीच्या चोवीस पायांपैकी दोन पाय याच कामासाठी राखलेले असतात. वीज घेणाऱ्या उपकरणाने या प्रत्येक पायावर ५.१ किलोओमचा एक रेझिस्टर ग्राउंडला जोडायचा, असा नियम आहे. चार्जरला तो दिसला की समोर वीज घेणारे उपकरण आहे हे त्याला कळते. दोनपैकी कोणत्या पायावर दिसला, त्यावरून वायर सुलटी आहे की उलटी हे कळते. आपण किती वीज देऊ शकतो हेही चार्जर याच वाटेने उपकरणाला सांगतो. रेझिस्टर दिसलाच नाही, तर तो वीज सोडतच नाही.

मला एकदम रक्तपेढी आठवली. पिशवी तयार असते, रुग्ण वाट पाहत असतो, पण क्रॉस-मॅच जुळल्याशिवाय रक्त बाहेर पडत नाही. चार्जरचा हट्टही असाच आणि आपल्याच सुरक्षिततेसाठी.

तिने पहिल्या बोर्डवर हे दोन रेझिस्टर ठेवलेच नव्हते. यात लाजण्यासारखे काही नाही. २०१९ मध्ये बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय ४ या जगप्रसिद्ध छोट्या संगणकात दोन पायांना मिळून एकच रेझिस्टर दिला होता. काही वायरींनी तो चालेना, आणि पुढच्या आवृत्तीत ते सुधारावे लागले. हिने बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळून रुपया-दोन रुपयांचे रेझिस्टर आणले आणि दुसरा बोर्ड केला. आता कोणताही चार्जर चालतो.

माझी चूक

तिचे बोलणे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर एक बाई उभी राहिली. तिचा सहा वर्षांचा मुलगा दम्याचा रुग्ण. पैसे साठवून तिने हातात मावणारा, चार्जिंगचा नेब्युलायझर घेतला होता. काही आठवड्यांपूर्वी मध्यरात्री ती मुलाला घेऊन आमच्या सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आली. मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती. ‘‘मशीन बंद पडलंय साहेब, चार्जच होत नाही,’’ ती सांगत होती. पहाटेपर्यंत मूल सावरले. सकाळी मी मशीन हातात घेतले, बटण दाबले, मान हलवली आणि म्हणालो, ‘‘हे गेलं. जमेल तेव्हा दुसरं घ्या.’’

चार्जर कोणता लावता, हे मी विचारले नव्हते. रुग्ण ‘पोट दुखतंय’ म्हणाला तर मी दहा प्रश्न विचारतो. मशीनबद्दल एकही विचारला नाही.

पुढच्या तपासणीला ती आली तेव्हा मशीन घेऊन यायला सांगितले. नशिबाने तिने ते भंगारात दिले नव्हते, पिशवीत बांधून माळ्यावर ठेवले होते. जुना चार्जर उंदराने कुरतडला होता, म्हणून ती दिराच्या नव्या फोनचा चार्जर लावत होती, दोन्ही टोके सारखी असलेला. मी ओपीडीतला एक जुना चपट्या तोंडाचा चार्जर लावला. दोन-तीन मिनिटांनी हिरवा दिवा लागला. ती काही बोलली नाही, मुलाकडे पाहत राहिली. मीही फार बोललो नाही. मशीन आतून उघडून पाहिलेले नाही, पण लक्षणे त्या पहिल्या बोर्डसारखीच होती. टाइप-सीचे तोंड दिले आणि ओळख सांगणारे रेझिस्टर वगळले, अशी स्वस्त उपकरणे बाजारात आहेत.

त्याच दिवशी तिला पंप आणि स्पेसर पुन्हा नीट शिकवला. मुलांच्या दम्याच्या सौम्य आणि मध्यम झटक्यात स्पेसर लावून घेतलेला पंप नेब्युलायझरइतकाच परिणामकारक असतो. त्याला चार्जिंगचे तोंडच नसते, वीज गेली तरी तो चालतो. नेब्युलायझर घरात असला तरी तो हाताशी हवाच.

घरी काय पाहावे

युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नवे मोबाइल, टॅबलेट, कॅमेरे, हेडफोन यांना टाइप-सी बंधनकारक झाले. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचे मानक प्रसिद्ध केल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. सगळ्या घराला एकच चार्जर, ही चांगलीच गोष्ट. पण तोंड सारखे दिसले म्हणजे आतली जोडणी नियमाप्रमाणे असेलच असे नाही, आणि त्या युरोपीय यादीत कॅल्क्युलेटर नाही, नेब्युलायझरही नाही.

म्हणून घरातले टाइप-सी तोंडाचे उपकरण चार्ज होत नसेल तर ते टाकण्याआधी चपट्या तोंडाच्या, चांगल्या प्रतीच्या जुन्या अडॅप्टरने आणि त्याच्या वायरने करून पाहा. चालले तर ती जोडी त्या उपकरणासोबतच बांधून ठेवा, वर नाव लिहा. तोंडात धूळ असेल तर उपकरण बंद करून कोरड्या लाकडी काडीने हलकेच काढा, टाचणी घालू नका. बॅटरी फुगलेली, गरम किंवा वास मारणारी असेल तर चार्जिंगला लावूच नका, ते उपकरण ई-कचऱ्यात द्या.

आणि एक स्पष्ट सांगतो. कॅल्क्युलेटरवर जे ऑपरेशन झाले, ते नेब्युलायझर, ऑक्सिमीटर, श्रवणयंत्र किंवा इन्सुलिन पंपावर घरी करू नका. कॅल्क्युलेटर चुकला तर गणित चुकते. औषध देणारे किंवा शरीराला लागणारे यंत्र उघडले की त्यातले ओलाव्यापासूनचे आणि विजेपासूनचे संरक्षण बिघडू शकते. ते काम उत्पादकाच्या दुरुस्ती केंद्राचे. चार्जिंग चालू असताना ते उपकरण वापरायचे की नाही, हेही माहितीपत्रकात पाहूनच ठरवा.

आता तपासणीत मी एक प्रश्न वाढवला आहे. कोणी ‘मशीन बंद पडलंय’ म्हणाले, की आधी विचारतो, ‘‘चार्जर कोणता लावता?’’ ओपीडीच्या खणात तो चपट्या तोंडाचा चार्जर कायम असतो. वरच्या मजल्यावरच्या मुलीने उरलेल्या बोर्डांपैकी एक मला दिला आहे, तोही त्याच खणात आहे.