जवानांच्या गावातून अधिकारी

आमच्या शिरूर-दौंड भागात पोरगं ‘आर्मीत जायचंय’ म्हणालं की घरचे आधी बूट आणतात. न्हावरे, मांडवगण फराटा, इकडं केडगाव, वरवंड, पाटस, कुठंही पहाटे बघा, रस्त्याच्या कडेनं पोरं पळत असतात. सोळाशे मीटरची वेळ लावायची, मग उठाबश्या, मग बीम. घाम गाळण्यात ही पोरं कुणाला हार जाणार नाहीत. पण त्यातल्या बारावी सायन्सच्या एखाद्याला विचारावं, ‘एनडीएचा फॉर्म भरलास का?’ तर तो म्हणतो, ‘मेजर, ते मोठ्या घरच्यांचं असतंय.’

पोरं मेजर म्हणतात, पण मी बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या इंजिनिअर दलातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. हे उत्तर मला दरवेळी लागतं. खडकवासल्याची एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, आमच्या शिरूरपासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. १९५५ पासून तिथं देशभरातली पोरं येऊन अधिकारी होतात. आमची पोरं तिथं धरण बघायला जातात आणि परत येतात.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. इंग्रजांची ही लष्करी छावणी. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगाव भीमाला लढलेली तुकडी इथूनच बाहेर पडली. त्या फौजेत आपल्या माणसानं कितीही पराक्रम केला तरी त्याची मजल सुभेदारापर्यंतच. त्यापुढचं पद गोऱ्या साहेबाचं. ती भिंत कधीच पडली. तरीही आमच्या तालुक्यात आजसुद्धा फौज म्हणजे भरती, आणि भरती म्हणजे जवान, एवढंच घरोघरी माहीत आहे. जवान होण्यात कमीपणा काडीचा नाही, माझं सगळं आयुष्य त्यात गेलं. पण ज्याची कुवत अधिकारी होण्याची आहे त्याला निदान ते दार माहीत तरी हवं.

तर दार असं आहे. एनडीएची परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, लग्न झालेलं नको. बारावीला बसलेला विद्यार्थीही अर्ज करू शकतो. म्हणजे बारावीपासून धरलं तर तीन-चार संधी सहज मिळतात, आणि आमची पोरं त्या सगळ्या संपल्यावर माझ्याकडं येतात. वीस वर्षांचा गडी विचारतो, ‘आता काय करता येईल?’ तेव्हा एनडीए त्याच्यासाठी मिटलेली असते.

लेखी परीक्षा ९०० गुणांची. त्यात गणित ३०० गुणांचं, १२० प्रश्न, अडीच तास. सामान्य क्षमतेचा पेपर ६०० गुणांचा, त्यातले २०० इंग्रजीचे. चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापतात. प्रश्न हिंदी आणि इंग्रजीत येतात, मराठीत नाहीत. भूदलासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. पण आर्ट्सच्या पोराला दार उघडं असलं तरी गणिताचे ३०० गुण काही सुटत नाहीत. म्हणून हा निर्णय दहावीनंतर लगेच, गणित ठेवायचं की सोडायचं त्या दिवशीच होतो, आणि बहुतेक घरांत तो नकळत होऊन जातो.

लेखी पास झालेल्यांना पाच दिवसांच्या मुलाखतीला बोलावतात. तिला सगळे एसएसबी म्हणतात. भूदलाची केंद्रं प्रयागराज, भोपाळ, बेंगळुरू आणि जालंधरला आहेत. एसएसबीलाही ९०० गुण, म्हणजे लेखीएवढंच वजन. एका वेळेला जागा सुमारे चारशे असतात आणि अर्ज लाखांत येतात. लेखीचा निकाल लागला की दोन आठवड्यांत भूदलाच्या भरतीच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते. गावाकडं ही गोष्ट कुणी सांगत नाही.

नोकरीच्या शेवटच्या काळात माझी नेमणूक अशाच एका निवड केंद्रात होती. मैदानावर फळ्या, बल्ल्या, दोर, ड्रम मांडून देणाऱ्या तुकडीत मी होतो. त्यामुळे देशभरातली पोरं मी जवळून बघितली. पहिल्या दिवशी बुद्धीची चाचणी होते, मग एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची आणि गटात बसून चर्चा करायची. दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त पोरं बॅगा उचलून घरी निघालेली असतात. चर्चेत एकाच वेळी दहाजण ओरडायला लागले की मला आमच्या ग्रामसभेची आठवण व्हायची. ओरडणारा टिकतो असं नाही. मध्येच दुसऱ्याचा मुद्दा धरून दोन वाक्यं नीट बोलणारा टिकताना मी पाहिलाय.

दुसऱ्या दिवशी साठ शब्द दाखवतात, प्रत्येकी पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. मग अर्ध्या तासात साठ प्रसंग: अशा वेळी तुम्ही काय कराल? क्लासमधून पाठ करून आलेली पोरं इथं दहा दरोडेखोर एकट्यानं पकडतात, जळत्या घरातून सगळ्यांना वाचवतात. तयारीसाठी माझ्याकडं येणाऱ्या पोरांना मी गावातलेच प्रसंग देतो. रात्रपाळीची लाईट, चुलते उसाला पाणी द्यायला गेलेत, बांधावर बिबट्या दिसला आणि फोनला रेंज नाही. काय करशील? शिरूर तालुक्यातल्या पोराला हे विचारलं की तो बढाई मारत नाही. बॅटरी, ट्रॅक्टरचा आवाज, शेजारच्या वस्तीवरची माणसं, मग वनखात्याला फोन, असं ओळीनं सांगतो. तेच त्याच सरळपणानं कागदावर उतरायला हवं.

मैदानावरचं एक काम सांगतो. आठ-दहा जणांचा गट, समोर लाकडी खांब आणि ठोकळे. जवळ एक फळी, एक बल्ली, एक दोर आणि सोबत न्यायचं ओझं. मधल्या जमिनीला पाय लागता कामा नये, लाल रंगाला कुणी शिवायचं नाही. फळी समोरच्या ठोकळ्यापर्यंत कधीच पोचत नाही, तशीच ती दिलेली असते. एका गटात शहरातली दोन-तीन चटपटीत पोरं फळी ओढाओढी करत होती. मागं उभा असलेला एक काटक, सावळा मुलगा पुढं झाला, फळी अर्धी बाहेर सरकवली, आतल्या टोकावर स्वतः बसला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, ‘मैं दबाके बैठता हूँ, तू आगे जा.’ मग ओझ्याला दोर बांधून पुढं सरकवायला लावलं. सगळे पलीकडं गेले, तेव्हा पलीकडच्यांनी फळी धरली आणि तो शेवटी आला. ओढ्यावर पाईप टाकताना हेच करतात. निकालात आमचा काही संबंध नसायचा, पण पाचव्या दिवशी निवड झालेल्यांचे जे चेस्ट नंबर वाचले त्यात त्याचा होता. इंग्रजी त्याची साधीच होती. अडलं की तो हिंदीत सांगायचा आणि पुन्हा इंग्रजीवर यायचा.

मुलाखतीत घर, शाळा, मित्र, गाव यांवरच खोदून विचारतात. ऊस एकरी किती टन पडतो, कारखाना काय भाव देतो, दौंडला रेल्वेच्या कुठल्या लाईनी फुटतात, तुमच्या गावात पाणी कुठून येतं? संरक्षण खात्याचं बजेट तोंडपाठ असलेलं पोरगं स्वतःच्या वडिलांच्या शेतीवर अडखळतं. एका पोराला मी महिनाभर फक्त घरच्या हिशेबाची वही लिहायला लावली.

आता पैसे. क्लासवाले लाखाच्या गोष्टी सांगतात आणि बाप कर्ज काढायला निघतो. आधी सरकारी सोयी बघा. लेखी पास झालेल्या मुलांना एसएसबीची तयारी नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात फुकट करून देतात, राहण्या-जेवणासकट. चौकशी पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची. दहावीच्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून आहे. तिची प्रवेश परीक्षा दहावीच्या वर्षातच असते, निकाल लागल्यावर गेलात तर उशीर झालेला असतो. आणखी लहान मूल असेल तर साताऱ्याची सैनिक शाळा, सहावीला आणि नववीला प्रवेश. १९६१ साली देशातली पहिली सैनिक शाळा निघाली ती हीच. कर्नल संतोष महाडिक तिथलेच विद्यार्थी. २०१५ मध्ये कुपवाड्यात ते शहीद झाले, आणि २०१७ मध्ये त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईच्या अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या.

एनडीए हुकली म्हणून सगळं संपत नाही. पदवीनंतर सीडीएसची परीक्षा आहे, वय चोविशी-पंचविशीपर्यंत. कॉलेजात एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवलं तर लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला जाता येतं. आणि जवान म्हणून भरती झालेल्यालाही देहरादूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजची वाट आहे. आमच्या बॉम्बे सॅपर्सचे रामा राघोबा राणे १९४० मध्ये साधे सैनिक म्हणून भरती झाले. डिसेंबर १९४७ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले आणि चारच महिन्यांनी नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढत रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीर चक्र मिळालं. खडकीच्या केंद्रात प्रत्येक रिक्रूटला हे नाव कळतं. ते न्हावऱ्याच्या शाळेतही कळायला हवं.

वैद्यकीय तपासणीचं आधीच सांगून ठेवतो, कारण इथं हातातली संधी जाते. डोळ्यांचा नंबर, रंग ओळखणं, सपाट तळपाय, गुडघे एकमेकांना लागणं, कानातला मळ, किडके दात, हे दहावीतच एकदा डॉक्टरला दाखवा. आणि जत्रेत गोंदवून घेऊ नका. कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढीच जागा चालते. दंडावर किंवा छातीवर गोंदवलं, मग ते देवाचं नाव का असेना, तिथं अडवतात.

मुलींसाठी एनडीए सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या आदेशानं उघडली. २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या १७ जणी पदवी घेऊन बाहेर पडल्या. नाशिकला मुलींसाठीही सैनिकी पूर्वशिक्षण संस्था सुरू झाली आहे. मुलींना अर्जाला फी नाही. मुलांना १०० रुपये आहे, पण जवान, हवालदार, सुभेदार यांच्या मुलांना तीही माफ आहे. दौंडच्या राज्य राखीव पोलीस दलाच्या वसाहतीतली एक अकरावीची मुलगी सध्या माझ्याकडं येते. वडील शिपाई आहेत. पळण्यात ती आधीच पुढं आहे, म्हणून पळणं आम्ही आठवड्यातून तीन दिवसांवर आणलं. बाकीचे दिवस गणित, एका प्रश्नाला सव्वा मिनिट. त्रिकोणमिती अजून तिला जड जाते, मॅट्रिक्स जमायला लागल्यात, आणि संध्याकाळी वडील ड्युटीवरून आले की घड्याळ लावून तेच समोर बसतात.