आधी पुढचा अ‍ॅक्सल बघा

नगर-मनमाड रस्त्यावर राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर या पट्ट्यात जुने ट्रॅक्टर विक्रीला उभे दिसतात. नवा रंग, बॉनेटवर नवं स्टिकर, धुऊन पुसून चकचकीत केलेलं इंजिन. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती एचपी?" आणि दुसरा, "इंजिन खोललंय का?" नांगरटीला किंवा ऊसवाहतुकीला ट्रॅक्टर हवा असेल तर दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण हल्ली जुना ट्रॅक्टर घेतला जातो तो पुष्कळदा पुढे लोडर बसवण्यासाठी. तिथे या दोन प्रश्नांची उत्तरं कितीही चांगली मिळाली तरी व्यवहार फसू शकतो.

लोडरची गरज या जिल्ह्यात का वाढली ते सांगायला नको. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पाठोपाठ कारखान्यांची रांग लागली. उसाच्या वाढ्यांवर आणि कालव्याच्या पाण्यावर दूधधंदा वाढला. मुक्त संचार गोठ्यातलं शेण ढकलायचं, मुरघासाचा खड्डा भरायचा आणि रोज त्यातून उपसायचं, मे महिन्यात उकिरडे रिकामे करायचे, कारखान्याची प्रेसमड शेतात पसरायची. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावातला गाळही रानात येऊ लागला. फावडं-घमेल्याला माणूस मिळत नाही आणि रोजच्या शेणासाठी तासावर जेसीबी बोलावणं परवडत नाही. मग वीस-पंचवीस वर्षांचा ट्रॅक्टर आणि गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेला लोडर, हा मधला मार्ग उरतो.

जेसीबीचाही उगम अशाच जुळणीत आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये 'मेजर लोडर' आणला, तो फोर्डसन मेजर या शेतीच्या ट्रॅक्टरवर बसवलेला होता. १९५३ मध्ये त्यांनी मागे खोदणारा हातही जोडला. त्यानंतर या यंत्रांची वाट वेगळी झाली आणि त्यांचा सांगाडा, धुरे, पंप सगळं उचलण्याच्या कामासाठीच बेतलं जाऊ लागलं. शेतीचा ट्रॅक्टर मात्र मागून ओढण्यासाठी जन्मलेला आहे. त्याच्या पुढच्या चाकांनी दिशा द्यायची, भार मागच्यांनी घ्यायचा.

आधी एचपीचा हिशोब संपवून टाकू. हायड्रॉलिक पंपाला लागणारी ताकद काढणं सोपं असतं. दाब (बारमध्ये) गुणिले तेलाचा प्रवाह (मिनिटाला लिटर), भागिले ६००, की किलोवॅट मिळतात. जुन्या ट्रॅक्टरचा पंप १५० बार दाबानं मिनिटाला २० लिटर तेल देत असेल, तर लागतात ५ किलोवॅट. म्हणजे साधारण सात एचपी. बकेट उचलायला सात एचपी! ढिगात बकेट घुसवायला आणखी ताकद लागते हे खरं, पण तिथेही इंजिनाच्या आधी चाकं फिरतात. ३५ एचपीचं इंजिन आणि ५० एचपीचं इंजिन यांत लोडरच्या दृष्टीनं फार अंतर नाही. मोठ्या ट्रॅक्टरचं वजन जास्त आणि पुढचा अ‍ॅक्सल जाड, म्हणून तो बरा पडतो.

आता खरी मेख. दोन हजार किलोचा दोन चाकी ओढीचा ट्रॅक्टर घ्या. त्यातलं साधारण ७४० किलो पुढच्या चाकांवर आणि १२६० मागच्यांवर असतं असं मानू. दोन्ही अ‍ॅक्सलमधलं अंतर १.९ मीटर. लोडरचं स्वतःचं वजन ३५० किलो, त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या अ‍ॅक्सलच्या ६० सेंटीमीटर पुढे. बकेटमध्ये ५०० किलो माल, तो दीड मीटर पुढे. पुढचा अ‍ॅक्सल इथे तरफेचा टेकू होतो. टेकूपलीकडे टांगलेलं वजन टेकूवर स्वतःपेक्षा जास्त भार टाकतं, कारण ते मागची बाजूही उचलू पाहतं. बकेटमधल्या ५०० किलोंमुळे पुढच्या अ‍ॅक्सलवर जवळजवळ ९०० किलो वाढतात आणि मागच्या चाकांवरचे ४०० कमी होतात. लोडरच्या वजनासह बेरीज केली तर पुढे सुमारे २१०० किलो आणि मागे उरतात ७५५. ज्या अ‍ॅक्सलनं आयुष्यभर साडेसातशे किलो वाहिले, त्यावर जवळपास तिप्पट बोजा, तोही जागेवर उभं असताना. भरल्या बकेटनं खड्ड्यातून गेलं की धक्क्याचा भार त्याहून वर जातो.

बैलगाडी उलार झाली की जू वर येतं आणि बैलांच्या मानेवरचं ओझं जातं, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. लोडरवाला ट्रॅक्टर नेमका उलटा वागतो, पुढे दबतो आणि मागची चाकं हलकी होतात. दोन चाकी ओढीच्या ट्रॅक्टरमध्ये ओढ मागच्याच चाकांना आणि ब्रेकही मागच्याच चाकांना. म्हणजे बकेट भरली की पकड आणि ब्रेक दोन्ही एकदम कमी होतात. शेततळ्याच्या किंवा मुरघासाच्या उतारावरून भरली बकेट पुढे धरून उतरताना ट्रॅक्टर घसरतो तो यामुळे. चालकाला वाटतं ब्रेक लागत नाहीत. ब्रेक लागलेले असतात, चाकांवर वजनच नसतं.

यावर उपाय म्हणून टायरात पाणी भरतात. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, त्यामुळे थंड देशांसारखं त्यात क्षार मिसळावं लागत नाही. पण इथे एक बारकावा आहे. मागच्या टायरातलं वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर खाली बसतं. त्यामुळे मागची पकड वाढते, पुढच्या अ‍ॅक्सलचा भार मात्र एका किलोनंही कमी होत नाही. पुढचा भार कमी करायचा तर वजन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे टांगावं लागतं. दोनशे लिटरचं पिंप काँक्रीटनं भरलं की सुमारे ४८० किलो होतं. ते लिफ्टला, अ‍ॅक्सलपासून मीटरभर मागे अडकवलं तर पुढचे अडीचशे किलो उतरतात आणि मागे सव्वासातशेहून अधिक वाढतात. म्हणून ट्रॅक्टर बघताना मागची लिफ्ट ते पिंप दिवसभर धरून ठेवेल का, हेही तपासायचं. लोडर पुढे आणि लिफ्टची परीक्षा मागे, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं.

विकणारा सांगतो, "लिफ्ट सोळाशे किलोची आहे." ती मागच्या दांड्यांवरची उचल, तिचा लोडरच्या उचलीशी संबंध नाही. लोडरला बघायचा तो पंपाचा प्रवाह. ६३ मिलिमीटर व्यासाचे दोन सिलिंडर ६० सेंटीमीटर बाहेर यायला पावणेचार लिटर तेल लागतं. पंप मिनिटाला २० लिटर देत असेल तर अकरा सेकंद, झिजून १२ वर आला असेल तर जवळपास एकोणीस. एका फेरीला आठ सेकंद काही नाहीत, पण दिवसभराच्या फेऱ्या मोजा. ही तपासणी सकाळी थंड ट्रॅक्टरवर करू नका. थंड तेल घट्ट असतं, झिजलेल्या पंपातल्या फटींतून ते मागे पळत नाही आणि लिफ्ट झकास उचलते. अर्धा-पाऊण तास काम करून तेल तापवा, मग मागे वजन लावून उचला आणि इंजिन बंद करा. वजन किती भराभर खाली येतं त्यावरून सिलिंडर आणि व्हॉल्व्हची अवस्था कळते. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय.

आणखी एक परीक्षा, अगदी फुकटची. क्लच पूर्ण दाबून लिफ्ट उचलते का बघा. हॅरी फर्ग्युसन यांच्या १९४६ च्या टीई-२० ट्रॅक्टरमध्ये पंप गिअरबॉक्सच्या अंगानं फिरत असे, त्यामुळे क्लच दाबला की लिफ्टही थांबे. नांगराला त्याचं काही अडत नाही. लोडरला अडतं, कारण ट्रॉलीजवळ येऊन थांबताना बकेट वर जात राहायला हवी. पुढे डबल क्लच आले, इंजिनावरून थेट फिरणारे पंप आले आणि प्रश्न सुटला. जुन्यात कुठली व्यवस्था आहे ते माहितीपत्रकापेक्षा ही परीक्षा खात्रीनं सांगते.

मग पुढचा अ‍ॅक्सल. तो जॅकवर उचलायचा, चाक वर-खाली आणि आडवं धरून हलवायचं. किंगपिन आणि बुश झिजले असतील तर चाक खटखटतं, बेअरिंग गेलं असेल तर घरघरतं. मधली पिन, जिच्यावर सगळा अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे डुलतो, तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. पहारीनं उचकटून बघा. पुढचे टायर ६.००-१६ चे आहेत की ७.५०-१६ चे, ते वाचा, आणि किती भाराला किती हवा लागते ते कंपनीच्या तक्त्यातून काढा. नगरच्या रणगाडा संग्रहालयात पस्तीस-चाळीस टनांचे रणगाडे उभे आहेत. त्यांच्या पट्ट्यांचा जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटीमीटरला किलोच्या आसपास पडतो. लोडरच्या अरुंद पुढच्या टायरचा दाब त्यातल्या हवेच्या दाबाइतका, म्हणजे सहज दुप्पट-अडीचपट. जिथे रणगाडा तरून जाईल त्या शेणकाल्यात ट्रॅक्टरचं पुढचं चाक रुततं ते म्हणूनच.

रुतलेलं, तिप्पट दाबलेलं चाक हातानं वळवायचं म्हणजे काय ते पॉवर स्टेअरिंग नसलेल्या ट्रॅक्टरवर एक दिवस काढला की समजतं. माझं स्पष्ट मत आहे की पॉवर स्टेअरिंग नसलेला ट्रॅक्टर लोडरसाठी घेऊच नये, कितीही स्वस्त मिळाला तरी. माणसाचे खांदे जातातच, स्टेअरिंग बॉक्सही जातो.

या भागातल्या जुन्या ट्रॅक्टरांचा पूर्वेतिहास बहुधा उसाचा असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडून हंगामभर कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत खेपा. अशा ट्रॅक्टरचं पुढचं अंग त्या मानानं शाबूत असू शकतं, कारण ट्रॉलीचा भार मागे बसतो आणि पुढची चाकं उलट हलकी होतात. पण क्लच, ब्रेक आणि मागचं डिफरन्शिअल दमलेलं असतं. आणि क्लच ही तर लोडरची रोजची गरज. ढिगात शिरा, मागे या, वळा, पुढे जा, ओता, पुन्हा मागे. दर फेरीला चार-पाच वेळा क्लच. रिव्हर्स गिअर भाराखाली निसटतो का ते मागे वजन लावून, चढावर उलटं चालवून बघा.

ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. १९१७ च्या फोर्डसनपासून रूढ झालेली पद्धत अशी की इंजिन, क्लचचं हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना बोल्टनं जोडायचे, तोच सांगाडा. लोडर पुढे लोंबला की ही सगळी साखळी वाकू पाहते आणि ताण येतो तो इंजिन-क्लच हाउसिंगच्या सांध्यावर. तिथे बोल्टभोवती तेल पाझरतंय का, बिडाला केसासारखी चीर आहे का, की नेमक्या तेवढ्याच भागावर ताजा रंग मारलाय, हे बॅटरी लावून बघा. लोडर बनवून घेताना त्याची चौकट मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत नेऊन बांधायला सांगा. नुसती इंजिनाच्या बाजूला बोल्ट मारून बसवलेली चौकट लोखंड वाचवते आणि हाउसिंग फोडते.

बकेटच्या मापाबद्दल फॅब्रिकेशनवाल्याचा मोह आवरावा लागतो. चारशे लिटरच्या बकेटमध्ये सुकं शेणखत अडीचशे किलो भरेल. तीच बकेट ओल्या गाळानं भरली तर सातशेच्या वर जाते. म्हणजे वर केलेला सगळा हिशोब कोलमडला. शेणाला मोठी आणि गाळ-मुरमाला लहान, अशा दोन बकेट ठेवणं शहाणपणाचं.

उंच धरलेल्या बकेटचा धोका वेगळाच. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर डुलतो, त्यामुळे ट्रॅक्टर चार पायांवर उभा दिसला तरी आडवा कलंडण्याच्या हिशोबानं तो तीनच बिंदूंवर उभा असतो, मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. हा त्रिकोण पुढे निमुळता होत जातो. भरली बकेट गुरुत्वमध्याला पुढे, म्हणजे त्रिकोणाच्या अरुंद भागात ओढते, आणि वर उचलली की तो उंचही जातो. मग एक चाक बांधावर चढलं तरी पुरतं. जुन्या ट्रॅक्टरांना बहुधा चालकाभोवती संरक्षक चौकटही नसते.

फोर बाय फोर जुना ट्रॅक्टर मिळाला तर पैसे थोडे जास्त गेले तरी घ्यावा. त्याचा पुढचा अ‍ॅक्सल ओढीसाठी घडवलेला, टायर रुंद, आणि पुढची ओढ जोडलेली असली की ब्रेकचा परिणाम चारही चाकांपर्यंत पोचतो. कुठल्या मॉडेलचं पुढे-मागे किती वजन पडतं हे मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय चाचणी संस्थेच्या अहवालांत छापलेलं असतं. विक्रेत्याच्या तोंडी आकड्यांपेक्षा ते बरे. कागदपत्रांत एमएच-१६ असो की श्रीरामपूरची एमएच-१७, आरसीवर बँकेचा बोजा उतरला आहे का ते बघायचं, आणि लोडर बसवल्यावर विमा लागू राहील का ते आधी विचारून घ्यायचं. किंमत ठरवताना इंजिनाच्या धुराला लोक फार घाबरतात. इंजिनाचं काम कुठल्याही तालुक्याच्या गावी आठवड्यात होतं. बंद पडलेल्या मॉडेलचं फुटलेलं क्लच हाउसिंग मात्र भंगारवाल्यांकडे शोधत फिरावं लागतं.