भिंतीआड दडलेला खर्च

जुन्या घराची डागडुजी हाती घेताना ठेकेदाराने सांगितलेला आकडा अखेरचा मानू नये. छताचा गिलावा खरवडला, की कित्येकदा गंजलेल्या सळ्या उघड्या पडतात. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो; त्यामुळेच काँक्रीटला तडे जातात. हे ठेकेदारालाही आधी दिसलेले नसते. म्हणून हुज्जत न घालता वाढीव कामाचे मोजमाप व दर आधी कागदावर उतरवून उभयतांनी सह्या कराव्यात. नव्या गिलाव्याखाली झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी स्वतः पाहावे. गिलाव्यावर किमान ७ दिवस पाणी मारून होईपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवावा. तंटा झालाच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागताना हाच कागद उपयोगी पडतो. लेखी करार म्हणजे अविश्वास नव्हे. तो सलोख्याचा पाया होय.