दात आणि खाच

आजीच्या पेटीचं पितळी कुलूप घेऊन मी पुण्यात तुळशीबागेजवळ बसणाऱ्या एका चावीवाल्या काकांकडे गेलो. चावी केव्हाच हरवली होती. कुलपावर सात लिव्हरचा शिक्का होता. तो पाहून काका म्हणाले, "बसा, वेळ लागेल."

त्यांनी कोरी चावी मेणबत्तीवर धरून काळी केली, कुलपात घातली, हलकेच फिरवली आणि बाहेर काढली. काजळीत केसाएवढ्या चकचकीत रेघा उमटल्या होत्या. जिथे लिव्हर, म्हणजे कुलपातली उचलली जाणारी पट्टी, घासला, तिथलं पितळ उघडं पडलं होतं. चावी शेगड्यात आवळून त्यांनी नेमक्या त्या रेघांवर कानस फिरवली. दोन-तीन हात, बस्स. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप, पुन्हा कानस.

"ही खाच अजून उथळ आहे," ते म्हणाले. "दात उंच राहिला की लिव्हर जास्त उचलला जातो. कमी उचलला तरी अडतो, जास्त उचलला तरी अडतो."

इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन यांनी १७७८ साली ज्या कुलपाचं पेटंट घेतलं, त्याचं मर्म हेच. काका ते बोटांनी जाणतात.

या कामातले शब्दही पाहण्यासारखे आहेत. अरबी 'कुफ्ल'चं बोलण्यात 'कुल्फ' झालं आणि त्याचं मराठीत 'कुलूप'. 'चावी' पोर्तुगीजांच्या 'शाव्ह'वरून आली. त्या शब्दाचं मूळ लॅटिन 'क्लाविस'. 'लिव्हर' इंग्रजांचा. ही सगळी नावं बाहेरून आली. पण चावी घडवायला बसलं की तोंडी येतात ते दात आणि खाच. 'दात' संस्कृत 'दंत'वरून आलेला, तोंडातल्या दातांचाच शब्द. दात म्हणजे जे राखायचं ते, खाच म्हणजे जे काढायचं ते. सगळी कारागिरी या दोन शब्दांत मावते.

"खाच खोल गेली तर?" मी विचारलं.

"तर चावी फेकायची. काढलेलं पितळ परत बसत नाही."

तासाभरानं कुलूप खट् करून उघडलं. काकांनी त्याच चावीवरून लगेच दुसरी घासून दिली. तुमच्याही घरी एकच चावी उरलेली कुलपं असतील. ती चावी आहे तोवर जोडीची करून घ्या, आणि ती होईपर्यंत तिथेच उभं राहून कानशीकडे नीट बघा.