बसवनगुडीहून चार दिशांना

प्रवासाचा बेत आखताना बहुतेक लोक प्रथम प्रेक्षणीय स्थळांची यादी करतात आणि मग ती यादी हाती असलेल्या दिवसांत बसवू लागतात. सर्वत्र सारखेच हवामान आणि सारखीच भूमी असलेल्या प्रदेशात ही रीत चालून जाते. परंतु ज्या प्रदेशात दोनशे किलोमीटरांच्या आत पावसाचे मान दसपटीने बदलते, तेथे अशी यादी प्रवाशाला फसविते. दक्षिण कर्नाटक हा असाच प्रदेश होय. महाराष्ट्रातून येणारा प्रवासी बहुधा बंगळूर आणि म्हैसूर ही दोन नगरे पाहून परततो. या नगरांच्या सभोवार पसरलेला तळ्यांचा, खडकांचा, उसाचा आणि कॉफीचा मुलूख त्याच्या नजरेतून निसटतो. त्याचबरोबर त्याच्या स्वतःच्या भाषेच्या व इतिहासाच्या ज्या खुणा या मुलुखात विखुरलेल्या आहेत, त्याही त्याला दिसत नाहीत. म्हणून येथे एक निराळी रीत सुचविली आहे. स्थळांची यादी बाजूला ठेवावी, पाणी कोणत्या दिशेने वाहते हे प्रथम पाहावे, आणि मग एकच दिशा निवडावी.

यासाठी बंगळूरच्या दक्षिण भागातील बसवनगुडी ही जागा आरंभाला फार सोयीची आहे. कन्नड भाषेत 'गुडी' म्हणजे देऊळ. बसवनगुडी म्हणजे बसवाचे, अर्थात नंदीचे देऊळ. येथील टेकडीवर एकाच पाषाणातून कोरलेला, सुमारे साडेचार मीटर उंचीचा प्रचंड नंदी आहे. हे देऊळ केंपेगौडाच्या काळातील, म्हणजे सोळाव्या शतकातील मानले जाते. याच केंपेगौडाने १५३७ साली बंगळूर वसविले. आजूबाजूची वसाहत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आखली गेली. देवळाजवळ उघडा पडलेला खडक आणि लालबागेतील खडक एकाच अतिप्राचीन कुळातले आहेत. त्यांचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे आहे, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. दक्षिण कर्नाटकाचे पठार या खडकावर उभे आहे.

या टेकडीपाशी वृषभावती नदी उगम पावते, अशी परंपरा आहे. ती नैर्ऋत्येकडे वाहत जाऊन अर्कावतीला मिळते आणि अर्कावती पुढे संगम या ठिकाणी कावेरीला मिळते. शहराच्या पूर्व भागातील पाणी मात्र दक्षिण पिनाकिनी नदीकडे जाते. एकाच शहराच्या दोन बाजूंना पडलेला पाऊस अशा रीतीने दोन भिन्न खोऱ्यांत उतरतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवरील या नगरात आपण पठाराच्या पाठीच्या कण्यावर उभे असतो, आणि येथून कोणत्याही दिशेला जाणे म्हणजे कोणत्या तरी पाण्याबरोबर उतरणे होय.

आता एकेक दिशा घेऊ.

उत्तर आणि पूर्व ही कोरड्या पठाराची दिशा. बंगळूरपासून सुमारे साठ किलोमीटरांवर १,४७८ मीटर उंचीचा नंदीदुर्ग आहे. तो आणि त्याच्या शेजारचे डोंगर यांतून अर्कावती आणि दोन्ही पिनाकिनी नद्या निघतात. नद्यांचे उगम येथे असले, तरी कोलारच्या बाजूला बारमाही नदी नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पावसाचे पाणी बांध घालून अडविले आणि एका तळ्याचे जादा पाणी खालच्या तळ्यात जाईल अशी साखळी निर्माण केली. या प्रदेशातील खेडे पाहावयाचे तर प्रथम त्याचे तळे पाहावे. कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेल्या होत्या. त्या २००१ साली बंद झाल्या.

मराठी वाचकाला ही दिशा आणखी एका कारणाने जवळची वाटावी. १६३८ साली आदिलशाही सैन्याने बंगळूर घेतल्यावर ते शहाजीराजांकडे आले. कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरे हे परगणेही त्यांच्या जहागिरीत होते. त्यांच्या दरबारी जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' रचला, वि. का. राजवाडे यांनी संपादिल्यामुळे तो पुढे मराठी अभ्यासकांच्या परिचयाचा झाला. खुद्द बंगळुरात, मल्लेश्वरम्‌ भागातील काडु मल्लेश्वराच्या देवळाजवळ, शहाजीपुत्र एकोजीराजांचा १६६९ सालचा दानलेख आहे. तंजावरचे मराठी राज्य स्थापन होण्यापूर्वीची ही खूण आहे.

दुसरी दिशा नैर्ऋत्येची, कावेरीची. हा म्हैसूरचा रस्ता होय. प्रवासी तो एका दमात ओलांडतात आणि तेथेच चूक होते. रामनगरचे उघडे खडक 'शोले' या १९७५ सालच्या चित्रपटामुळे अनेकांनी पडद्यावर पाहिलेले असतात. तेथील रेशीमकोषांची बाजारपेठ मात्र थोड्यांनीच पाहिलेली असते. चन्नपट्टणच्या कारागिरांची लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी आपल्या सावंतवाडीची आठवण करून देतात. पुढे मंड्याच्या परिसरात कोरडी शेते मागे पडून ऊस आणि भात दिसू लागतो. हा पालट निसर्गाने घडविलेला नाही; १९११ साली काम सुरू झालेल्या कृष्णराजसागर धरणाच्या कालव्यांनी तो घडविला. त्याच कावेरीवर शिवनसमुद्र येथे १९०२ साली वीज निर्माण होऊ लागली आणि ती सर्वप्रथम गेली कोलारच्या खाणींना. नदी जेथे पोचत नव्हती, तेथे तिची शक्ती तारेवरून पोचली.

बसवनगुडीचे पाणीही याच दिशेने जाते, हे येथे विसरता कामा नये. वृषभावतीत आज शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांचे दूषित पाणी वाहते. ज्याला नगर आणि त्याचा परिसर यांचे नाते समजून घ्यावयाचे आहे, त्याने संगमाचे रम्य दृश्य पाहताना त्याला मिळणाऱ्या या प्रवाहाचाही विचार करावा.

तिसरी दिशा पश्चिमेची. चारही दिशांत ही सर्वांत विविध आहे. सुमारे दीडशे किलोमीटरांवर श्रवणबेळगोळ लागते. येथील विंध्यगिरीवर दहाव्या शतकाच्या अखेरीस गंग राजांचा मंत्री चावुंडराय याने उभारविलेली गोमटेश्वराची सुमारे साडेसतरा मीटर उंचीची मूर्ती आहे. मूर्तीच्या पायांपाशी कन्नड आणि तमिळ लेखांबरोबर नागरी लिपीतील मराठी ओळीही कोरलेल्या आहेत. एका ओळीत चावुंडरायाने मूर्ती करविल्याचा उल्लेख आहे, तर दुसरीत गंगराजाने भोवतालचे आवार बांधविल्याचा. मराठीच्या अगदी जुन्या शिलालेखांत त्यांची गणना होते. बाराव्या शतकातील होयसळ सेनापती गंगराजाच्या आवारापर्यंत पोचलेल्या या ओळी एका गोष्टीची साक्ष देतात: यात्रेकरूंना वाचता यावे म्हणून कन्नड मुलुखाच्या मध्यभागी मराठीला जागा देण्याइतके हे स्थान मराठी भाषकांच्याही येण्याजाण्याचे असावे. येथे सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढाव्या लागतात. दगड तापण्यापूर्वी, म्हणजे सकाळी लवकर चढण सुरू करावी.

त्यापुढे हळेबीडु आणि बेलूर ही होयसळांची देवालये येतात. बेलूरचे चेन्नकेशव मंदिर १११७ सालचे. ही मंदिरे म्हैसूरनजीकच्या सोमनाथपूरसह २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. येथील कोरीवकाम इतके बारीक का, याचे उत्तर दगडातच आहे. बंगळूरचा कणखर पाषाण मागे पडून येथे शंखजिऱ्याच्या जातीचा दगड वापरलेला आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि पुढे हवेने कठीण होतो. बसवनगुडीचा नंदी आणि बेलूरच्या मदनिका यांच्या शैलीत जो फरक दिसतो, त्यात राजवंशांइतकाच या दोन दगडांचाही वाटा आहे.

बेलूरच्या पश्चिमेस मलनाड, म्हणजे डोंगराळ व पावसाळी मुलूख सुरू होतो. चिकमगळूरजवळचे मुळ्ळय्यनगिरी हे १,९३० मीटरांचे शिखर कर्नाटकातील सर्वांत उंच होय. उतारांवर कॉफीचे मळे आहेत. सकलेशपूरहून सुब्रह्मण्य रोडपर्यंतचा लोहमार्ग ५५ किलोमीटरांत ५७ बोगद्यांतून घाट उतरतो. आणखी उत्तरेस तुंगेच्या काठी शृंगेरीचा मठ आहे. तेथे मराठी प्रवाशाने एक अप्रिय सत्यही जाणून घ्यावे. १७९१ साली टिपूविरुद्धच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्याबरोबर असलेल्या लुटारूंनी हा मठ लुटला. मठाच्या पुनःस्थापनेसाठी साहाय्य केले ते टिपूने. त्याची स्वामींना लिहिलेली पत्रे मठात १९१६ साली उजेडात आली. ज्या प्रवासात केवळ आपल्या अभिमानाला पोषक तेवढेच पाहिले जाते, तो प्रवास अर्धाच होतो.

चौथी दिशा वायव्येची. ती मुंबई-पुण्याकडे परतण्याच्या महामार्गावरच असल्यामुळे तिच्यासाठी वेगळे दिवस काढावे लागत नाहीत. तुमकूर, शिरे, हिरियूर, चित्रदुर्ग असा हा मार्ग आहे. हिरियूरजवळ वेदावती नदीवरील वाणीविलास सागर हे धरण १९०७ साली पूर्ण झाले. ते १९३३ साली भरून वाहिले आणि त्यानंतर थेट २०२२ साली. या मुलुखाच्या कोरडेपणाची दुसरी साक्ष द्यावयास नको. चित्रदुर्गचा किल्ला खडकांच्या राशींतूनच उभा राहिला असून त्यातील पाणी साठविण्याची व्यवस्था मुद्दाम पाहण्याजोगी आहे. मुख्य रस्ता सोडून चन्नगिरीकडे वळल्यास होदिगेरे हे खेडे लागते. १६६४ साली शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचा मृत्यू झाला तो येथे. त्यांची समाधी साधी आहे. तीस वर्षांत मोठी सत्ता उभारणाऱ्या या पुरुषाचा शेवट राजधानीपासून किती दूर झाला, हे तेथवरच्या वाटेनेच नीट समजते.

दिशा समजल्या की ऋतूचा प्रश्न आपोआप सुटू लागतो. बंगळूरला वर्षाकाठी सरासरी ९७० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरात असतो. मलनाडातील आगुंबे येथे सात हजार मिलिमीटरांहून अधिक, तर चित्रदुर्गच्या बाजूला सहाशेच्या आसपास. महाबळेश्वर आणि माण-खटाव यांतील अंतर ज्याला ठाऊक आहे, त्याला हे सहज उमगेल. जून ते सप्टेंबर या काळात पश्चिम दिशेला जाऊ नये. दरडी कोसळून घाट बंद पडतात आणि रानवाटांवर जळवा असतात. मार्च ते मे या महिन्यांत वायव्येचे खडक तापतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चारही दिशांना मानवतो. नोव्हेंबरात तळी भरलेली असतात आणि शेते हिरवी असतात. कार्तिकातील शेवटच्या सोमवारी बसवनगुडीला 'कडलेकाई परिषे', म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. आसपासच्या तालुक्यांतील शेतकरी नवा माल घेऊन येतात आणि पहिल्या शेंगा नंदीला वाहिल्या जातात. कोरड्या पठाराचे पीक अशा रीतीने त्या दिवशी शहराच्या रस्त्यावर येऊन बसते.

राहता राहिला दिवसांचा हिशेब. चार दिवस असतील तर एकच दिशा घ्यावी, आठ असतील तर दोन. उदाहरणार्थ, पश्चिमेचा बेत असा करता येईल: पहिल्या दिवशी सकाळी श्रवणबेळगोळ आणि मुक्काम हासनला, दुसऱ्या दिवशी हळेबीडु, बेलूर आणि मुक्काम चिकमगळूरला, तिसऱ्या दिवशी शृंगेरी. चौथ्या दिवशी बंगळूरला परत न फिरता शिवमोग्ग्यामार्गे होदिगेरे गाठावे आणि तेथून महामार्गाने हुबळी-बेळगावकडे निघावे. नकाशावरील अंतरे थोडी दिसतात, परंतु घाटातले पन्नास किलोमीटर पठारावरील शंभराइतका वेळ घेतात. लहान देवळे दुपारी बंद असतात. तो वेळ प्रवासासाठी ठेवावा.

निघण्यापूर्वी एक संध्याकाळ वाचनाला द्यावी. बसवनगुडीतच १९४५ साली बी. पी. वाडिया यांनी स्थापन केलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर ही संस्था आहे. तिचे ग्रंथालय प्रसिद्ध आहे. थोडी कन्नड अक्षरे आणि अंक शिकून घेतल्यास गावोगावच्या बसगाड्यांवरील पाट्या वाचता येतात. गावांची नावेही वाट दाखवितात. केरे म्हणजे तळे, बेट्ट म्हणजे डोंगर, होळे म्हणजे नदी, हळ्ळी म्हणजे खेडे आणि कोटे म्हणजे किल्ला. पेटे हा शब्द तर आपल्या पेठेचाच सोयरा आहे. होसकोटे म्हणजे नवा किल्ला. हळेबीडु म्हणजे जुनी राजधानी. बेळगोळ म्हणजे शुभ्र तळे. एवढे शब्द जवळ असले की नकाशा बोलू लागतो: येथे पाणी होते, येथे डोंगर आहे, येथे कोणी तटबंदी घातली.

उरलेल्या दिशा राहून गेल्या याची खंत करू नये. ज्याने एका दिशेचे पाणी, दगड आणि पीक नीट पाहिले, त्याला पुढच्या वेळी दुसरी दिशा निवडणे सोपे जाते. आणि ज्याने चार दिवसांत चारही दिशा धावून संपविल्या, त्याच्यापाशी बहुधा पुन्हा यादीच उरते.