ध्वनिग्राहक, तबकडीचा
तबकडीच्या खोबणीतून जाणाऱ्या सुईच्या कंपनांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणारा, ध्वनिभुजेच्या टोकाशी बसविलेला घटक. यास ‘कार्ट्रिज’ असेही म्हणतात. चलचुंबक प्रकारात सुईच्या दांडीवरील चुंबक स्थिर वेटोळ्यांजवळ हालते व सु. ३ ते ५ मिलिव्होल्ट दाब मिळतो. चलवेटोळे प्रकारात तो बहुधा १ मिलिव्होल्टहून कमी असल्याने जादा विवर्धन लागते.

निवडीत सुईच्या टोकाची त्रिज्या प्रथम पाहावी. स्टीरिओ तबकडीस सु. १८ मायक्रॉन त्रिज्येचे, तर ७८ फेऱ्यांच्या तबकडीस सु. ६५ ते ७५ मायक्रॉनचे टोक लागते. नाट्यसंगीताच्या जुन्या तबकडीवर बारीक सुई ठेवल्यास ती खोबणीच्या तळाशी घासते आणि पदापेक्षा खरखरच अधिक ऐकू येते.

ध्वनिग्राहक बसविल्यावर भुजा समतोल करून निर्मात्याने सांगितलेला भार द्यावा. चलचुंबक प्रकारात तो पुष्कळदा १.५ ते २ ग्रॅम असतो. भार जितका कमी तितकी तबकडी सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. फार हलकी सुई मोठ्या आवाजाच्या जागी खोबणीच्या भिंती सोडते व पुन्हा त्यांवर आदळते. तेथे झालेली झीज नव्या सुईनेही भरून येत नाही. समोरून पाहता सुई तबकडीस लंब असावी. कारण स्टीरिओ खोबणीच्या ४५° कललेल्या दोन भिंतींवर डावी व उजवी वाहिनी स्वतंत्रपणे कोरलेली असते.