नाव डोंगर कशी चढते?

पाणी वरून खाली वाहतं, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. मग फ्रान्समध्ये लोक नावेत बसून निघतात, हळूहळू समुद्रसपाटीपासून १८९ मीटर उंचीपर्यंत चढतात आणि पलीकडे दुसऱ्या समुद्राच्या बाजूला उतरतात, ते कसं काय? नावेला चाकं नाहीत, वर ओढायला क्रेन नाही. आणि हा प्रकार आजकालचा नाही, १६८१ पासून चालू आहे! सिव्हिलवाल्यांना यातलं थोडंफार माहीत असेल. पण बाकी ब्रँचवाल्यांनीही जरूर वाचावं, कारण यातलं गणित दहावीचंच आहे.

या कालव्याचं नाव कनाल द्यु मिदी, म्हणजे दक्षिणेचा कालवा. तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत तो सुमारे २४० किलोमीटर जातो. तुलूझची गारोन नदी पश्चिमेला अटलांटिकला मिळते. म्हणजे नदी आणि कालवा मिळून दोन समुद्र जोडले गेले. त्याआधी जहाजांना पूर्ण स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरवरून जावं लागे, आणि वाटेत चाचे!

आज या कालव्यावरून मालवाहतूक होत नाही, सहली होतात. स्वयंपाकघर आणि झोपायची सोय असलेली नाव भाड्याने मिळते. ती चालवायला लायसन्स लागत नाही. निघण्याआधी थोडं शिकवतात, बस्स. वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटर, म्हणजे काठावरून सायकलवाला टाटा करून पुढे निघून जातो. संध्याकाळ झाली की काठाला दोर बांधायचा आणि गावात पाव आणायला जायचं. वाटेत कास्तेलनोदारी लागतं. तिथे कालव्याचं मोठं तळं आहे, आणि पांढऱ्या घेवड्यात मांस घालून मातीच्या भांड्यात तासन् तास शिजवलेला तिथला पदार्थ प्रसिद्ध आहे. पुढे जुन्या किल्ल्याचं कार्कासोन. या गावाने कालव्यासाठी पैसे द्यायला नकार दिला होता, म्हणून कालवा गावाबाहेरून गेला. व्यापार हातचा गेल्यावर डोळे उघडले, पण कालवा गावात यायला १८१० साल उजाडलं! काठाने प्लेन नावाच्या झाडांची दाट सावली असते. या झाडांवर एक बुरशीजन्य रोग आल्याचं २००६ मध्ये लक्षात आलं, आणि तेव्हापासून हजारो झाडं तोडून तिथे दुसऱ्या जातीची लावावी लागली.

पाण्याची लिफ्ट

आता मुद्द्याचं. कालवा उतारावर खणला तर पाणी धावत सुटेल. म्हणून तो पायऱ्यांसारखा बांधतात. प्रत्येक पायरी सपाट आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये एक लॉक. मराठीत याला जलपाश म्हणतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद.

नावेला वर जायचं असेल तर ती खालच्या दारातून हौदात येते. दार बंद होतं. मग वरच्या दारातल्या छोट्या झडपा उघडतात. वरचं पाणी आपोआप हौदात उतरतं आणि त्याच्याबरोबर नाव वर येते. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की वरचं दार उघडायचं आणि नाव पुढे. खाली यायचं असेल तर हेच उलटं. पंप नाही, मोटर नाही, सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं.

दारांची पण गंमत आहे. दोन्ही फळ्या मिटल्यावर सरळ रेषेत येत नाहीत, जास्त पाण्याच्या दिशेला टोक करून इंग्रजी 'व्ही'सारख्या मिटतात. त्यामुळे पाण्याचा दाब जितका जास्त, तितक्या त्या एकमेकींवर घट्ट बसतात. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांमध्ये अशा दारांची चित्रं आहेत. हिशोब करून बघा: फळी ३ मीटर रुंद आणि एका बाजूला अडीच मीटर पाणी, तर तिच्यावर नऊ टनांपेक्षा जास्त जोर येतो. दहा पैलवान आणले तरी दार हलणार नाही. पण दोन्हीकडे पातळी सारखी झाली की तेच दार एकटा माणूस उघडतो.

बेझिए गावाजवळ असे हौद एकाला एक लागून आहेत, आणि नाव पाण्याच्या जिन्यावरून उतरावी तशी सुमारे २१ मीटर खाली येते. ते बघायला काठावर ही गर्दी!

खरी अडचण माथ्यावर

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं. पण लॉक एकदा भरायला पाणी किती लागतं? समजा हौद ३० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि चढ अडीच मीटर. गुणाकार केला तर ४५० घनमीटर, म्हणजे साडेचार लाख लिटर. आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत ४५ टँकर! नाव हलकी असो की जड, हौद भरायला तेवढंच पाणी लागणार. आणि माथा ओलांडताना एकदा चढायला आणि एकदा उतरायला, म्हणजे ९० टँकर पाणी माथ्यावरून निघून दोन्हीकडे खाली जातं. ते परत येत नाही.

दोन समुद्र जोडायची कल्पना जुनीच होती. अडत होतं ते इथेच: माथ्यावर एवढं पाणी आणायचं कुठून? हे कोडं पिएर-पोल रिके याने सोडवलं. हा माणूस इंजिनियर नव्हता, मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी होता. त्याने बघितलं की नोरूझ नावाच्या खिंडीत पाणी दुभंगतं, अर्धं अटलांटिककडे आणि अर्धं भूमध्य समुद्राकडे. मग त्याने जवळच्या उंच काळ्या डोंगरातले ओढे चराने या खिंडीत वळवले. उन्हाळ्यासाठी सॅं-फेरेओल इथे मातीचं मोठं धरण बांधलं (१६६७ ते १६७२). त्यात साठ लाख घनमीटरपेक्षा जास्त पाणी मावतं. आधी पाण्याची सोय आणि मग लॉक, हा विचार त्याचा. या कामावर एका वेळी बारा हजारांपर्यंत मजूर होते आणि त्यात डोंगराळ भागातल्या बायकाही होत्या. रिकेने स्वतःचा पैसा घातला, कर्ज काढलं आणि १६८० मध्ये, कालवा सुरू व्हायच्या काही महिने आधी, तो वारला.

नोरूझ आणि वाशिम

हे वाचून तुम्ही म्हणाल, फ्रान्सशी आपला काय संबंध? मी इंझोरीकडून, म्हणजे वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातून. नकाशा काढून बघा, आमचा जिल्हा अगदी नोरूझसारखा आहे. जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला अकोल्याकडे जाते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. आमच्या भागातली अडाण मात्र पैनगंगेला जाते, तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात. एकाच पावसाचं पाणी दोन समुद्रांत वाटलं जातं. आणि माथ्यावर राहणाऱ्यांना काय? उन्हाळ्यात टँकर!

आपल्या धरणांचे कालवे नावांसाठी नाहीत, सिंचनासाठी आहेत. त्यांना मुद्दाम उतार दिलेला असतो. पाणी पाळीने सुटतं, हरभरा-गहू भिजतो, मग कालवा कोरडा. त्यात नाव चालणार नाही, आणि चालवायचा हट्टही धरू नये. जिथे पिकाला पाणी पुरत नाही तिथे एका नावेसाठी ९० टँकर कोण सोडणार?

पण खाली पाणी भरपूर असेल तर दोन्ही जमतं. आंध्रात धवळेश्वरमला ऑर्थर कॉटन याने १८५२ मध्ये गोदावरीवरचा बंधारा पूर्ण केला. त्याच्या कालव्यांनी भाताला पाणी दिलं आणि लॉकमधून नावाही नेल्या. त्या गोदावरीत आमच्या अडाणचंही पाणी होतं! म्हणजे वाशिमच्या पावसाने नावा उचलल्या, फक्त शेकडो किलोमीटर खाली जाऊन.

आता विदर्भात वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य सरकारने २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. कालवा सुमारे ४२६ किलोमीटरचा, म्हणजे कनाल द्यु मिदीच्या जवळपास पावणेदोन पट. तोही गोदावरीच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात जाणार. आपल्यापैकी कोणी पुढे अशा कामावर असेल, कोणाच्या शेताजवळून तो जाईल. तेव्हा खोदाई किती झाली, खर्च किती वाढला हे सगळेच विचारतील. इंजिनियरने आधी रिकेचा प्रश्न विचारावा: एप्रिल-मे महिन्यात माथ्यावर पाणी कुठून येणार? त्याचं उत्तर कागदावर नीट जमलं, तरच पहिली कुदळ मारावी.